३२ चा एमसीबी टाकू देऊ नका, बाकी मिस्टरांना खुशाल करू द्या

पत्र असं आलंय:

"नमस्कार दादा, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी आहे. माझे मिस्टर अंबडला एका कंपनीत फिटर आहेत, त्यामुळे घरातलं सगळं स्वतःच करायची त्यांना हौस. पंखे, स्विच, ट्यूब सगळं त्यांनीच बदललंय आणि नीट केलंय, नाव ठेवायला जागा नाही. यंदा उन्हाळ्यात दीड टनी एसी घेतला, तो बेडरूममधल्या मोठ्या प्लगवर लावलाय. एसी आणि वॉशिंग मशीन एकदम चालू असलं की अर्ध्या-पाऊण तासाने एमसीबी पडतो. हे म्हणतात १६ चा काढून ३२ चा टाकतो, विषय संपला. दुसरं म्हणजे मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, तर म्हणतात चप्पल घालून कपडे टाकत जा. इलेक्ट्रिशियन बोलावू म्हटलं की चिडतात, पाच मिनिटांचे पाचशे घेतात म्हणे. एक जण येऊन गेला तर तो म्हणाला पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, मग तर हे अजूनच भडकले. कुठलं काम घरी करायचं आणि कुठे थांबायचं ते सांगा, आणि यांचा अपमान न होता यांना कसं सांगायचं तेही सांगा."

ताई, बाकीचं बोलू निवांत, आधी दोन गोष्टी आजच्या आज करा. ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका) आणला असेल तर तो दुकानात परत द्या, म्हणजे मोहच नको. आणि मशीनचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा. नुसता स्विच बंद नाही, प्लगच बाहेर काढायचा. चप्पल घालून मशीन चालवायचा सल्ला अर्ध्या महाराष्ट्रात दिला जातो हे मला माहीत आहे, पण घरात लहान मूल असेल, मावशी कपडे टाकायला येत असतील, तर त्या प्रत्येकीच्या पायात चप्पल आहे का हे कोण बघत बसणार?

आता तो एमसीबी. लोकांचा एक मोठा गैरसमज असा आहे की एमसीबी एसीला किंवा मशीनला वाचवायला असतो. तसं नाहीये, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. तुमच्या भिंतीत त्या लाईनला बहुतेक २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, काही बिल्डरांनी तर १.५ चीच ओढलेली असते. २.५ ची वायर पाईपमधून गेलेली असली की साधारण वीसेक अँपिअरपर्यंत निवांत असते. त्याच्यावर सतत भार गेला की तापायला लागते आणि तिच्यावरचं पीव्हीसीचं कव्हर ७० डिग्रीपर्यंतचंच असतं. आता हिशोब करा, दीड टनी एसी सात-आठ अँपिअर घेतो, तुमचं मशीन पाणी गरम करणारं असेल तर त्याचा हीटर दोन किलोवॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर, आणि त्याच लाईनवर किचनमधला मायक्रोवेव्ह पण असेल (जुन्या फ्लॅटमध्ये सगळे पॉवर प्लग एकाच एमसीबीवर असतात, मी पैज लावायला तयार आहे) तर त्याचे पाच-साडेपाच. झाले एकवीस-बावीस. १६ चा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते ती तापत तापत वाकते आणि मग खटका पडतो, म्हणून अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे तो खराब नाहीये, अगदी बरोबर काम करतोय. त्याच्या जागी ३२ चा टाकला तर तो बावीस अँपिअरला हूं की चूं करणार नाही, वायर मात्र भिंतीत तापत राहील. कुकरची शिट्टी सारखी वाजते म्हणून शिट्टीवर बत्ता ठेवण्यातला प्रकार आहे हा.

आणि हे मिस्टरांना आवडेल म्हणून सांगतो, कारण फिटर माणसाला कारण कळलं की तो ऐकतो: खटका किती वेळाने पडतो त्यावरून बिघाड ओळखता येतो. चालू करताक्षणी धाडकन पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वेळ घेऊन पडला तर ओव्हरलोड आहे, नाहीतर एमसीबीचा स्क्रू ढिला आहे आणि तिथेच उष्णता होतेय. आणि एमसीबी न पडता शेजारची रुंद, टेस्ट बटणवाली आरसीसीबी पडली, तर करंट कुठेतरी गळतोय, अर्थिंगकडे, ओल्या भिंतीत नाहीतर माणसात. ही तीन लक्षणं सांगून इलेक्ट्रिशियनला फोन केलात तर तो पण जरा सरळ वागतो, समोरच्याला कळतंय म्हटल्यावर.

झिणझिण्यांचं सांगतो. मशीनच्या आत एक फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट मशीनच्या पत्र्याकडे जातो, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत निघून जावा अशी सोय असते. अर्थिंग तुटलेलं असेल किंवा नसेलच, तर तो पत्र्यावरच बसून राहतो आणि तुम्ही ओल्या हाताने, अनवाणी तिथे गेलात की तुमच्यातून जातो. तेवढ्याने सहसा कोणी दगावत नाही. पण झिणझिण्या येतायत याचा खरा अर्थ असा की उद्या आतली एखादी फेजची (वीज घेऊन येणारी) वायर उंदराने कुरतडली किंवा हीटर फुटला आणि पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर आले तर त्यांना जायला दुसरी वाटच नाही. आज झिणझिण्या देऊन मशीन सांगतंय तरी, पुढच्या वेळी सांगणार नाही.

इथे अजून एक वाईट चाल आहे, ती तुमच्या घरी झालीय का ते बघून घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नसलं की काही "कारागीर" सॉकेटच्या मागे न्यूट्रल (करंट परत जायची वायर) आणि अर्थिंगची पिन एका छोट्या वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात. झिणझिण्या लगेच थांबतात, घरमालक खूश, चहा-पाणी घेऊन माणूस निघून जातो. पण ज्या दिवशी कुठेतरी न्यूट्रल सुटेल त्या दिवशी त्या सॉकेटवरच्या प्रत्येक वस्तूचा पत्रा थेट जिवंत होतो. फ्रिजचं हँडल, मशीनचं झाकण, गीझरचा नळ सगळंच. तुमच्या मिस्टरांना सुचलं नसेल तर हा उपाय त्यांना सुचवू नका, आणि कुणी इलेक्ट्रिशियन असं करताना दिसला तर त्याला तिथेच थांबवून घरी पाठवा, कितीही स्वस्तात करत असला तरी.

आता तुमचा मूळ प्रश्न, की थांबायचं कुठे. लोक याचं उत्तर काम सोपं की अवघड यावर ठरवतात, मला ते पटत नाही, कारण एसीची लाईन ओढणं काही फार अवघड नाहीये, वायर पाईपमधून ओढायची, दोन टोकांना जोडायची, कुणीही हुशार माणूस करेल. मी वेगळं बघतो. चूक झाली तर ती लगेच समोर येणार आहे का, की सगळं छान चालू होऊन चूक भिंतीत जाऊन बसणार आहे? पंख्याचा कंडेन्सर चुकीचा जोडला तर पंखा फिरत नाही किंवा उलटा फिरतो, बघताक्षणी कळतं. ट्यूबच्या जागी एलईडी पट्टी लावली आणि जोडणी चुकली तर लागत नाही. पण १.५ च्या वायरवर एसी लावला तर एसी मस्त गार हवा देतो. अर्थिंग न जोडता गीझर लावला तर पाणी छान गरम होतं. भिंतीतल्या जोडावर इन्सुलेशन टेपऐवजी सेलोटेप गुंडाळली तरी दिवा लागतो. दोन उन्हाळे, तीन उन्हाळे लागत राहतो. "चालतंय की" हे आपल्याकडचं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे बघा, विजेच्या कामात तरी, कारण चालणं आणि सुरक्षित असणं याचा तिथे एकमेकांशी संबंधच नसतो. असली चूक शोधायला मेगर (वायरचं कव्हर तपासायचं मीटर) लागतो, क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारं) लागतो आणि ते लावून आकडा वाचायची सवय लागते, ते घरी नसतं.

गंमत म्हणजे कायद्याने पण रेष साधारण तिथेच मारलेली आहे. आपल्याकडे विजेच्या सुरक्षेचे नियम आहेत, पूर्वी १९५६ चे होते, आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत, त्यात म्हटलंय की वायरिंगचं काम, वाढवणं, बदलणं, दुरुस्ती, हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. त्याला सूट कशाची? तर दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची अशी बदली, जिच्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी आजपर्यंत जे केलंय ते सगळं या सुटीत बसतं. सांगा त्यांना हे, छाती जरा फुगेल. आणि एसीची नवी लाईन किंवा १६ च्या जागी ३२ हे त्यात बसत नाही, कारण तिथे क्षमताच बदलतेय.

तर मग त्यांनी काय काय करावं? खूप काही करता येतं. जळलेला स्विच तसाच नवा बसवणं, सॉकेट बदलणं, पंख्याचा कंडेन्सर (पंखा हळू झाला असेल तर दहात आठ वेळा तोच असतो, बहुतेक घरगुती पंख्यांना २.५ एमएफडीचा लागतो, जुन्यावर लिहिलेला आकडा बघून तोच आणायचा), बेल, होल्डर, मिक्सरचा प्लग टॉप. आरसीसीबी पावसाळ्यात पडायला लागली तर कुठल्या लाईनने पडतेय हे शोधणं पण त्यांनी करावं, सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याने पडली त्या लाईनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढून परत बघायचं. वस्तू काढल्यावर थांबली तर वस्तूत दोष, दुकानात न्या. तरीही पडतेय तर वायरिंगमध्ये ओल आहे, बऱ्याचदा बाल्कनीतल्या नाहीतर जिन्यातल्या दिव्याच्या पेटीत पाणी जातं, तिथून पुढे इलेक्ट्रिशियन. आणि त्या आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं काम तर त्यांच्याकडेच द्या. दाबलं आणि पडली नाही तर ती नुसती शोभेला आहे.

तुमच्याकडे आरसीसीबी आहे की नाही हे पत्रात नाहीये. पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये नसायचीच शक्यता जास्त. नसेल तर एसीच्या आधी ती घ्यायला हवी होती असं मी म्हणेन, पण एसी घेऊन झालाय तर असू दे. ३० मिलिअँपिअरची घ्यायची, १०० ची नाही, माणसाला वाचवायला ३० ची लागते. आणि एक लक्षात ठेवा, आरसीसीबी बसवली म्हणजे अर्थिंग नसलं तरी चालेल असं नाही. अर्थिंग असेल तर गळती सुरू झाल्या झाल्या ती पडते, अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघते आणि मग पडते. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले तर तिला काही कळतच नाही, तिच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात.

घरी काम करताना मेन बंद करतात ना ते? करत असतील, कंपनीतला माणूस आहे. पण घरात इन्व्हर्टर आहे का? असेल तर हे वाचून दाखवा. मेन स्विच खाली केला की बाहेरून येणारी वीज बंद होते, इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच बॅटरीवरून पंखे-दिव्यांच्या लाईनला २३० व्होल्ट द्यायला लागतो. म्हणजे ज्या पंख्याचं काम करायला मेन बंद केला त्याच पंख्याला वीज चालू. लोक पंखा बंद दिसतो म्हणून शिडीवर चढतात, तो बंद असतो तो फक्त भिंतीवरच्या स्विचमुळे, आणि जुन्या घरात तो स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेला असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, म्हणजे स्विच बंद, पंखा बंद, आणि वायर जिवंत. शिडीवर झटका बसला तर विजेने कमी आणि पडून जास्त लागतं. म्हणून मेन पण बंद, इन्व्हर्टर पण बंद, मग टेस्टर, आणि टेस्टरने आधी दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये लागतोय का बघून घ्यायचं, कारण टेस्टर स्वतःच मेलेला असला तर तो सगळीकडे "वीज नाही" असंच सांगणार. घरात एकटं असताना करायचं नाही, आणि दुसऱ्या माणसाला मेन कुठे आहे ते माहीत पाहिजे. तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आजच दाखवून घ्या. कुणाला शॉक लागून चिकटलाच तर हाताने ओढायचं नाही, आधी मेन, मग माणूस, मग १०८.

आता जिथे हात लावायचाच नाही ते. मीटरकडची बाजू, म्हणजे मीटर, त्याचं सील, खालून येणारी केबल, मीटर रूममधले कटआऊट (फ्यूज), हे वीज कंपनीचं. तुमच्याकडे महावितरण, तर १९१२ ला फोन. सील तुटलं तर २००३ च्या वीज कायद्याखाली भानगड होते, आणि भानगड सोडा, तिथे तुमच्या एमसीबीचं काही चालत नाही, कारण ती वायर तुमच्या एमसीबीच्या आधीची आहे, तिला बंद करायला घरात बटणच नाही. डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीच्या, आतलं काम पण सोडा. बाथरूममधला गीझर, अर्थिंगचं कुठलंही काम, नवी लाईन, नवा पॉईंट, भिंत कापून काहीही, हे सगळं बोलावून.

आणि काही लक्षणं अशी असतात की ती दिसली की मिस्टरांनी स्क्रू ड्रायव्हर उचलायचाच नाही, मेन बंद आणि फोन. एक म्हणजे वास. बोर्ड आतून तापला की जुन्या बॅकेलाईटचा आणि प्लॅस्टिकचा वास बऱ्याच लोकांना मासळीसारखा येतो. शाकाहारी घरात लोक दोन-दोन दिवस शेजाऱ्यांना नावं ठेवत बसतात आणि वास येत असतो आपल्याच गीझरच्या बोर्डातून. बोर्डाला हाताची मागची बाजू लावून बघा, कोमट लागतोय का, पांढरी प्लेट सॉकेटच्या भोकांपाशी तपकिरी झालीय का. झाली असेल तर सॉकेट बदलून काम संपत नाही, मागे वायरचं टोक पण जळून कडक झालेलं असतं, ते कापून चांगल्या तांब्यापर्यंत मागे जावं लागतं, आणि ढिला स्क्रू होता की भारच जास्त होता हे बघावं लागतं.

दुसरं लक्षण न्यूट्रलचं. घरात अचानक काहीच चालत नाही, आणि टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लाईट लागतो. हे बघून भलेभले गोंधळतात, दोन्हीकडे वीज आहे तर पंखा का फिरत नाही? कारण न्यूट्रल तुटलाय, आणि एका भोकातली फेज चालू ठेवलेल्या कुठल्यातरी दिव्यातून, पंख्यातून फिरून दुसऱ्या भोकात येऊन थांबलीय, पुढे जायला रस्ता नाही. अशा वेळी "न्यूट्रलची वायर आहे, तिला हात लावला तर काय होतं" असं म्हणून काळ्या वायरला हात लावणारा माणूस जातो. याच्याहून वाईट प्रकार म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा न्यूट्रल सुटणं. बिल्डिंगला तीन फेज येतात, न्यूट्रल गेला की कुणाच्या घरी दिवे मिणमिणतात आणि कुणाच्या घरी डोळे दिपतील एवढा उजेड पडतो, व्होल्टेज तीनशेच्या पुढे, कधी चारशेच्या जवळ जातं आणि टीव्ही, फ्रिज, राऊटर एका रांगेत जातात. दिवे असे नेहमीपेक्षा जास्त लखलखले तर कारण शोधत बसू नका, धावत जाऊन मेन पाडा, मग खालीवरच्या लोकांना ओरडून सांगा.

पैशांचं बोलू, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. पाच मिनिटांचे पाचशे हा राग मला समजतो. पण तो माणूस तुमच्याकडे यायला अर्धा तास घालवतो, पेट्रोल घालवतो, आणि एका स्विचसाठी बोलावलं तरी तेवढंच जातं. त्यामुळे एकेका कामासाठी बोलावू नका, फ्रिजवर यादी लावा, चार कामं साठली की एकदम. तुमच्याकडे आत्ताच साठलीयत: एसीची स्वतंत्र लाईन, अर्थिंग तपासणं, आरसीसीबी, आणि मशीनचा पॉईंट वेगळ्या एमसीबीवर. दीड टनी एसीला साधारण ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि २० चा एमसीबी टाकतात (दुकानात "चार एमएमची" म्हटलं की कळतं). वायर मिस्टरांनी स्वतः आणावी, आयएसआय मार्कची, एफआर (सहज पेट न घेणारी) लिहिलेली, पूर्ण बंडल, म्हणजे वायरमध्ये कुणी पैसे खाल्ले ही शंकाच राहत नाही. फर्निचर सरकवणं, पट्टी ठोकणं, भोकं पाडणं यात मदत करावी, मजुरी तेवढी कमी होते. जोडणी मात्र त्याची.

"पूर्ण वायरिंग बदला" म्हणणाऱ्याबद्दल. तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, पंचवीस वर्षांत वायर कडक होते, आणि बदलावी लागतेही. पण नुसतं बोर्डाकडे बघून हे सांगता येत नाही. त्याला म्हणा, मेगर लावून दाखव. हे एक हँडलचं किंवा बॅटरीवरचं मीटर असतं, ५०० व्होल्ट देऊन वायरचं कव्हर किती धड आहे ते मोजतं. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला त्या लाईनचं काहीतरी करायला पाहिजे, चांगल्या वायरचा आकडा त्याच्या कितीतरी वर असतो. लाईनप्रमाणे आकडे कागदावर लिहून दे म्हणा. मेगर म्हणजे काय हेच त्याला माहीत नसेल तर चहा पाजून निरोप द्या. ठेकेदार परवानाधारक आहे का विचारायला लाजू नका, वायरमनचं पण परमिट असतं, आयटीआय केलेला असेल तर अजून चांगलं. आणि एसी घेतलाय तर बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तोही बघा, एक-दोन किलोवॅटच असेल तर वाढवून घ्या, त्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो याच माणसाकडून याच फेरीत घेऊन टाका.

आता शेवटचं, यांना सांगायचं कसं. "तुम्हाला येत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका, कारण ते खरंही नाहीये. त्यांना एवढंच विचारा की कंपनीत पॅनलमध्ये बिघाड झाला तर तुम्ही फिटर असून पॅनल उघडता का? नाही उघडत. मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन येतो, कुलूप लावतो, टॅग लावतो, आणि तोपर्यंत सगळे बाजूला थांबतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट इलेक्ट्रिशियनने येऊन यांच्या मशीनचं बेअरिंग ठोकायला घेतलं तर हेच त्याला हाकलतील. घरात तेवढीच शिस्त ठेवा म्हणावं. वरचा एमसीबीचा हिशोब त्यांना दाखवा, सात-आठ अधिक नऊ अधिक पाच, आकड्यांवर माणूस भांडत नाही तेवढं. आणि इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा यांना घरी राहू द्या, रविवारचं बोलवा. सासूबाईंना किंवा तुम्हाला त्याच्यासमोर उभं करून हे कामावर गेले तर संध्याकाळी येऊन प्रत्येक जोड उकलून बघतील, त्यापेक्षा समोर उभं राहून प्रश्न विचारलेले बरे. चांगला कारागीर असेल तर त्याला असं गिऱ्हाईक आवडतं, दोघांचं जमेल बघा, दुपारपर्यंत दोघं मिळून जुन्या वायरमनला शिव्या देत असतील.

काम संपल्यावर पैसे द्यायच्या आधी एक करून घ्या. डीबीच्या झाकणाच्या आत कुठला एमसीबी कशाचा ते मार्करने लिहून घ्यायचं, एसी, मशीन, गीझर, किचन, हॉलचे दिवे. इलेक्ट्रिशियन एकेक पाडत जाईल, तुम्ही घरभर फिरून काय बंद झालं ते ओरडून सांगा, आणि लिहायचं काम मिस्टरांचं. मराठीत लिहा, म्हणजे सासूबाईंना पण वाचता येईल.